शेरॉन जोन्सचं जुनं काही आहे का?

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला शंभर टक्के वाटलेलं की हे गाणं १९६७-६८ चं असणार. ऑफिसची कॅब, हिंजवडीचं ट्रॅफिक, आणि एका मित्राने पेनड्राइव्हवर भरून दिलेली शंभरेक गाणी, त्यातलं हे एक, फाइलला धड नाव पण नव्हतं, ट्रॅक झिरो सात की असलंच काहीतरी. ड्रम कोरडा ठणठणीत, सॅक्सोफोन-ट्रम्पेट शेजारच्या खोलीतून आल्यासारखे, आणि मधोमध एक बाई समोरच्या माणसाला जाब विचारल्यासारखी गातेय. मी मनात म्हटलं कोण असेल बिचारी, कधीच गेली असेल.

मग घरी येऊन शोधलं तर गाणं २००७ चं निघालं! ‘हंड्रेड डेज, हंड्रेड नाइट्स’. बाईचं नाव शेरॉन जोन्स, बँडचं नाव डॅप-किंग्ज, गाव ब्रुकलिन, वय पन्नाशीच्या पुढे, आणि बाई चांगली ठणठणीत, गावोगाव शो करत फिरतेय. या गाण्याचा व्हिडिओ पण त्यांनी ईबेवरून घेतलेल्या जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांवर ब्लॅक अँड व्हाइटमध्ये शूट केलाय, म्हणजे फसायची पूर्ण सोय. नंतर कळलं की माझ्यापेक्षा कितीतरी जाणकार लोक यात आधीच फसलेत, त्याबद्दल पुढे सांगते.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे आमच्या फॅमिली ग्रुपवर परवा एक फॉरवर्ड आला, ‘वयाच्या चाळिशीनंतर यशस्वी झालेले लोक’ टाइप, सूर्योदयाचा फोटो वगैरे, आणि त्यात चक्क शेरॉन जोन्स होती. मला आनंद व्हायला पाहिजे होता ना? पण डोकंच फिरलं. कारण त्या फॉरवर्डमध्ये तिची गोष्ट अशी सांगितलेली की तिने धीर धरला आणि मग तिला यश मिळालं. अरे पण ती आधीची वीस-पंचवीस वर्षं कुणी खाल्ली ते कोण सांगणार? ती काय देवळाबाहेर रांगेत उभी होती का?

तर सुरुवातीपासून सांगते.

जन्म ४ मे १९५६, जॉर्जिया राज्यातलं ऑगस्टा. घर नदीपलीकडे, नॉर्थ ऑगस्टामध्ये, ते साउथ कॅरोलायना राज्यात येतं. सहा भावंडांत ही शेंडेफळ. आता ऑगस्टा म्हटलं की फंक, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं ते ठेक्यावर चालणारं संगीत, ऐकणाऱ्यांना एकच माणूस आठवतो, गायक जेम्स ब्राउन, तो तिथलाच वाढलेला, आणि शेरॉनची आई त्याला ओळखायची. आई-वडील वेगळे झाले आणि आई पोरांना घेऊन न्यूयॉर्कला आली, ब्रुकलिनच्या बेडफर्ड-स्टायव्हसंट भागात. तिथे ही भावंडं घरात जेम्स ब्राउनच्या नकला करायची, तो सरकत जाणारा डान्स, ती किंकाळी, सगळं. आपल्याकडे चाळीतली पोरं आरशासमोर मिथुन व्हायची तसंच.

जेम्स ब्राउनबद्दल दोन ओळी सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, कारण फंक म्हणजे नेमकं काय हे मला पण बरीच वर्षं कळत नव्हतं आणि मग एक दिवस तबल्याच्या क्लासमधल्या मुलामुळे डोक्यात प्रकाश पडला. बघा, साध्या रॉक किंवा सोलच्या (म्हणजे काळ्या लोकांच्या चर्चमधल्या गाण्यातून आलेल्या संगीताच्या) गाण्यात चार मात्रा धरल्या तर टाळी पडते दुसऱ्या आणि चौथ्यावर. ब्राउनने साधारण १९६५ ते ६७ मध्ये जोर उचलून पहिल्या मात्रेवर आणून ठेवला. तो त्याला ‘द वन’ म्हणायचा. म्हणजे समच की हो! बाकीच्या तीन मात्रांत गिटार, बास, ड्रम, ट्रम्पेट कुणी काय पाहिजे तो चावटपणा करा, इकडे तिकडे भटकून या, पण समेवर सगळे एकत्र दाणकन पडले पाहिजेत. त्याचं ‘कोल्ड स्वेट’, १९६७, ऐकून बघा, त्यात सूर फारसे बदलतच नाहीत, चाल अशी काही फार नाहीच, सगळी मजा त्या फिरून फिरून येणाऱ्या समेची. मला वाटतं म्हणूनच ज्याने लहानपणी भजन किंवा ढोलकी जवळून ऐकलीय त्याला फंक परकं वाटत नाही, पाय आपोआप हलतो. असो, विषय भरकटला.

शेरॉन चर्चमध्ये गायची, लहानपणापासून, आणि ते तिने शेवटपर्यंत सोडलं नाही. सत्तरच्या दशकात लोकल फंक बँडबरोबर टॅलेंट शो केले. मग लग्नाचे बँड. म्हणजे दर वीकेंडला कुणाच्या तरी लग्नात, पाहुणे जेवतायत आणि ही गातेय. मधेमधे स्टुडिओत दुसऱ्यांच्या गाण्यांना मागून कोरस द्यायचं काम मिळायचं, तिथे बऱ्याचदा नाव ‘लाफाये जोन्स’ असं लागायचं. स्वतःच्या नावाने, पुढे उभं राहून, एक रेकॉर्ड? नाही.

का नाही, तर याचं उत्तर तिनेच पुढे डझनभर मुलाखतींत सांगितलंय, आणि सांगताना हसायची. एका मोठ्या रेकॉर्ड कंपनीतल्या माणसाने तिला तोंडावर सांगितलं की तू फार काळी आहेस, फार जाड आहेस, फार बुटकी आहेस, आणि पंचविशी उलटल्यामुळे म्हातारी पण आहेस. शिवाय सल्ला दिला की जाऊन त्वचा ब्लीच कर. आवाजाबद्दल तक्रार नव्हती बरं का. आवाज ठीकच होता, फक्त मागे उभी राहा.

इथे मला माझी आत्या आठवतेच, आठवणारच. सांगलीला ऑर्केस्ट्रात गायची, ऐंशीच्या दशकात. आशाबाईंची गाणी अशी म्हणायची की लोक खुर्चीवरून उठायचे. पण ऑर्केस्ट्राच्या पोस्टरवर फोटो दुसऱ्या एका गोऱ्या मुलीचा, जी दोनच गाणी म्हणायची, ती पण बेताची. आत्याने एकदा मालकाला विचारलं तर म्हणे, “अगं तुझा आवाज रेडिओचा आहे.” सगळे हसले, ती पण हसली. पुढे लग्न झालं, पोस्टाची आरडी एजंट झाली, आणि गाणं फक्त हळदीकुंकवाला उरलं. आज ती ७१ वर्षांची आहे.

तर शेरॉनलाही पोट होतंच. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तिने रायकर्स आयलंडवर नोकरी धरली, तो न्यूयॉर्कचा बदनाम तुरुंग, नदीतल्या बेटावर. तिथे ही करेक्शन ऑफिसर, उंची जेमतेम पाच फूट. मग वेल्स फार्गोच्या चिलखती गाडीवर गार्ड, बँकेची कॅश नेतात त्या, कमरेला बंदूक. तुरुंगातला एक किस्सा ती सांगायची, रात्री कैद्यांना कोठडीत घालून कुलपं लावायची वेळ झाली की ते अडून बसायचे, की आधी व्हिटनी ह्यूस्टनचं ‘ग्रेटेस्ट लव्ह ऑफ ऑल’ म्हण, मग आत जातो. आणि ही म्हणायची. लोखंडी गजांच्या त्या लांबलचक पॅसेजमध्ये काय घुमला असेल तो आवाज! ते ऐकणारे तेवढेच, आणि त्यातल्या कुणाच्याही हातात टेपरेकॉर्डर नव्हता.

मग १९९६. गेब्रिएल रॉथ आणि फिलिप लेहमन नावाचे दोन तरुण, जुन्या फंकचे वेडे, लाइव्ह ड्रम आणि टेपवरचं रेकॉर्डिंग याशिवाय काही मानायचेच नाहीत. (यांचं वेड कुठल्या थराला गेलेलं ते सांगते, त्यांनी एक अख्खी रेकॉर्ड काढली जी म्हणे सत्तरच्या दशकातल्या एका कुंगफू सिनेमाचं संगीत होती, आणि असा सिनेमा कधी निघालाच नव्हता.) ते ली फील्ड्स नावाच्या सोल गायकाचं गाणं करत होते, कोरसला तीन बायका हव्या होत्या. शेरॉनचा तेव्हाचा बॉयफ्रेंड त्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचा, त्याने हिचं नाव सुचवलं. ही आली, बाकी दोघी आल्याच नाहीत. म्हणाली हरकत नाही, तिघींचे भाग मी एकटी गाते. आणि एकावर एक तीन आवाज चढवून दिले. ते दोघं येडेच झाले असणार, कारण लगेच तिला माइकसमोर एकटीला उभी करून एक गाणं रेकॉर्ड केलं. वय वर्षं ४०.

पुढची काही वर्षं त्यांच्या डेस्को नावाच्या लेबलवरून, म्हणजे छोट्या रेकॉर्ड कंपनीतून, तिच्या ४५ आरपीएमच्या, एका बाजूला एकच गाणं मावणाऱ्या छोट्या रेकॉर्ड निघाल्या, आणि फसवाफसवीचा मुद्दा इथे येतो. त्या रेकॉर्डवर साल छापलेलं नसायचं, आवाज तर तसा जुनाट, त्यामुळे जुनं फंक गोळा करणाऱ्या भल्याभल्या लोकांना वाटलं की ही सत्तरच्या दशकातली कुणीतरी विसरलेली गायिका, माळ्यावर सापडली. मला हा किस्सा आधी फार मजेशीर वाटायचा. आता तितका वाटत नाही. कारण विचार करा ना, सत्तरच्या दशकात ती खरंच होती! खरंच गात होती, विशीची होती, ब्रुकलिनमध्येच होती. त्या लोकांना जी रेकॉर्ड सापडल्यासारखी वाटली ती निघायला पाहिजे होती, कुणी काढली नाही.

डेस्को बंद पडलं, मग रॉथने सॅक्सोफोनवाला नील शुगरमन याच्याबरोबर डॅपटोन नावाचं नवं लेबल काढलं. २००२ मध्ये त्याचा पहिला अल्बम आला तो शेरॉनचाच. स्टुडिओ म्हणजे ब्रुकलिनच्या बुशविक भागातलं एक जुनं दुमजली घर, बँडच्या लोकांनी स्वतः हाताने ठोकून-जोडून उभं केलेलं, आणि रेकॉर्डिंग टेपवर, कॉम्प्युटरवर नाही. २००५ मध्ये ‘नॅचरली’, २००७ मध्ये ‘हंड्रेड डेज, हंड्रेड नाइट्स’, ज्यातलं गाणं मी कॅबमध्ये ऐकलं तो, २०१० मध्ये ‘आय लर्न्ड द हार्ड वे’. रॉथ स्वतः बास वाजवायचा, बॉस्को मान असं टोपणनाव घेऊन, ड्रमवर होमर स्टाइनवाइस, आणि गिटारवर बिंकी ग्रिप्टाइट, जो शोच्या सुरुवातीला कीर्तनकाराने पूर्वरंग रंगवावा तसं बोलून बोलून लोकांना तापवायचा, मग बाई यायच्या.

आणि बाई आल्या की बघत राहावं. यूट्यूबवर ढीगभर शो आहेत. थोड्या वेळात चपला फेकून अनवाणी, झालर-झालरचा ड्रेस, ड्रमरच्या हाताकडे बघत एक एक ठोका अंगावर घेत नाचतेय, मध्येच प्रेक्षकांतून एखाद्या लाजऱ्या पोराला वर ओढते आणि त्याला गाण्यातून असं काही झापते की तो पाणी पाणी. ‘नॅचरली’मध्ये तिने ‘धिस लँड इज युवर लँड’ हे अमेरिकेत शाळेत शिकवतात ते गाणं घेतलंय, पण असं काही फंक करून की त्यातली दुखरी कडवी ऐकू यायला लागतात. जॉर्ज क्लूनीच्या ‘अप इन द एअर’ या सिनेमाची सुरुवात याच गाण्याने होते, म्हणजे कित्येकांनी तिला ऐकलंय, फक्त नाव माहीत नाही.

नाव माहीत नसण्याचा आणखी एक नमुना. २००६ मध्ये एमी वाइनहाउस या ब्रिटिश गायिकेचा ‘बॅक टू ब्लॅक’ हा अल्बम आला. त्यातली मार्क रॉन्सन या निर्मात्याने केलेली गाणी, ‘रिहॅब’ धरून, त्यांच्यामागे वाजतायत ते डॅप-किंग्ज, आणि बरंचसं काम त्याच बुशविकच्या घरातलं. म्हणजे शेरॉनच्या मागे दहा वर्षं घासून घासून तयार झालेला तो आवाज एका विशीतल्या गोऱ्या मुलीबरोबर जगभर गेला, पाच ग्रॅमी, म्हणजे अमेरिकेतले संगीताचे सगळ्यात मोठे पुरस्कार, घेऊन आला. मी एमीची जबरदस्त फॅन आहे, तिच्याबद्दल एक वाईट शब्द लिहिणार नाही, ती पोरगी अस्सल होती आणि तिचं जे झालं ते झालं. पण तेव्हाच्या मासिकांत ‘सोल म्युझिकचा पुनर्जन्म’ वगैरे छापून यायचं ना, तेव्हा शेरॉनला काय वाटलं असेल? तिचं म्हणणं साधारण असं असायचं की आम्ही काही परत आणत नाही, आम्ही कुठे गेलोच नव्हतो. रेट्रो हा शब्द काढला की चिडायची. ग्रॅमीवर पण तिचा राग होता, की सोलसाठी वेगळा वर्गच नाही, आम्हाला कुठल्या खोक्यात टाकायचं तेच तुम्हाला कळत नाही. पुढे एक नॉमिनेशन मिळालं, २०१४ च्या अल्बमसाठी, बेस्ट आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) अल्बम या वर्गात. जिंकली नाही.

तो २०१४ चा अल्बम खरं तर २०१३ च्या ऑगस्टमध्ये यायचा होता. त्याआधीच कॅन्सर निघाला, आधी पित्तनलिकेचा म्हणाले, मग स्वादुपिंडाचा, दुसरी स्टेज. मोठं ऑपरेशन, पित्ताशय, स्वादुपिंडाचा काही भाग, लहान आतड्याचा तुकडा, सगळं काढलं, मग वर्ष संपेपर्यंत केमो. आई आदल्याच वर्षी गेलेली. या काळात बार्बरा कॉपल या डॉक्युमेंटरीवाल्या बाई कॅमेरा घेऊन तिच्यामागे होत्या, ‘मिस शेरॉन जोन्स!’ हा तो सिनेमा, मिळाला तर बघाच. केस कापून टाकतानाचा सीन आहे, पण मला रडवलं ते वेगळ्याच सीनने, केमो चालू असताना ती चर्चमध्ये गायला उभी राहते, आधी अगदी थकलेली, खुर्चीचा आधार घ्यावा अशी, आणि गाणं जसं चढतं तशी ती चक्क नाचायला लागते, आणि मग संपल्यावर धापा टाकत बसते. देवाधर्माशी माझं फारसं सख्य नाही, तरी.

आणखी एक गोष्ट सिनेमात नीट दिसते, ती म्हणजे हिशोब. ही आजारी म्हणजे बँड बंद, आणि बँड बंद म्हणजे दहा घरांचे पगार बंद. लेबलचं पण सगळं तिच्या शोवर चाललेलं. त्या पोरांचं काय होणार याची तिला काळजी, आणि पोरांना तिची. स्टार वगैरे म्हणतो आपण, पण हातावर पोट होतं सगळ्यांचं.

फेब्रुवारी २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या बीकन थिएटरमध्ये परत आली, विग न लावता, टक्कल तसंच. सप्टेंबर २०१५ मध्ये टोरांटोला सिनेमा पहिल्यांदा दाखवला, आणि तिथेच, त्याच रात्री, तिने सांगितलं की कॅन्सर परत आलाय. म्हणजे पडद्यावर ती बरी होते आणि पडदा पडल्यावर ती स्वतः उभी राहून सांगते की नाही झाले बरी. तरी २०१६ च्या उन्हाळ्यात दौरा केलाच.

८ नोव्हेंबर २०१६, अमेरिकेत निवडणुकीचा निकाल, तो बघता बघता तिला स्ट्रोक आला. दुसऱ्या दिवशी आणखी एक. रॉथने नंतर सांगितलं की ती आजूबाजूच्यांना म्हणत होती, हा ट्रम्पमुळे आला. त्या अवस्थेत पण! पुढे बोलणं बंद झालं, पण बँडवाले गिटार घेऊन उशाशी बसून चर्चची गाणी वाजवायचे आणि ही शब्दांशिवाय, नुसत्या हुंकारात, त्यांच्या सुरात सूर मिसळायची. १८ नोव्हेंबरला गेली, ६० व्या वर्षी. तिच्याच लेबलवरचा चार्ल्स ब्रॅडली, तो पण असाच, वर्षानुवर्षं जेम्स ब्राउनची नक्कल करणारा, पहिला अल्बम आला तेव्हा ६२ वर्षांचा, तो तिच्या पाठोपाठ २०१७ मध्ये गेला. त्याच्यावर वेगळं लिहायला पाहिजे कधीतरी.

तिच्यामागे २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये ‘सोल ऑफ अ वुमन’ आला. त्यातलं शेवटचं गाणं ‘कॉल ऑन गॉड’ तिने स्वतः लिहिलेलं, सत्तरच्या दशकात, चर्चच्या कोरससाठी, म्हणजे ती विशीत असताना.

गेल्या दिवाळीत आत्या आमच्याकडे आलेली. मी दुपारी हे गाणं लावलं, मग ‘हंड्रेड डेज’ लावलं. इंग्रजी तिला कळत नाही, ती करंज्या डब्यात भरता भरता ऐकत होती, आणि थोड्या वेळाने बघते तर डब्याच्या झाकणावर बोटं, आणि सम बरोब्बर पकडलेली. म्हणाली, “ड्रमवाला चांगलाय हं, घाई करत नाही.” मग म्हणाली, “बाई वयस्कर दिसते.” मी म्हटलं हो, पन्नाशीची होती तेव्हा.

“मग हिचं जुनं लाव की काहीतरी. तरुणपणीचं.”

मी म्हटलं, नाहीये गं.

“म्हणजे तुझ्याकडे नाही?”

कुणाकडेच नाही, म्हटलं. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, झाकण लावलं, आणि डबा फळीवर ठेवून आली.